39.9 टक्के : अलाबामाच्या नकाशाचं प्रकरण

जुलै 2023 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचं विधिमंडळ खास अधिवेशनासाठी राजधानी माँटगोमेरीत जमलं. काम एकच होतं, आणि ते एका आकड्यात मावत होतं: काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहासाठीच्या दोन नंबरच्या मतदारसंघात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय लोक किती टक्के ठेवायचे? खालच्या सभागृहाने 42 टक्क्यांच्या थोडा वरचा नकाशा मंजूर केला. वरच्या सभागृहाने, म्हणजे राज्याच्या सिनेटने, 38 च्या थोडा वरचा. मग दोन्हीकडच्या मंडळींनी बसून तोडगा काढला आणि आकडा ठरला 39.9. 21 जुलैला नकाशा मंजूर झाला, त्याच दिवशी गव्हर्नर के आयव्ही यांची सहीही झाली.

घासाघीस बाजारातल्यासारखीच, पण गिऱ्हाईक हजर नव्हतं. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचं भक्कम बहुमत, त्यामुळे भाव करणारे दोघेही विकणारेच. शिवाय भाव आधीच ठरलेला होता. तीन फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशांच्या खंडपीठाने दीड वर्षापूर्वी लिहून ठेवलं होतं की राज्यात दोन मतदारसंघ असे हवेत, जिथे मतदानाच्या वयाच्या लोकांत कृष्णवर्णीयांचं बहुमत असेल, किंवा बहुमताच्या अगदी जवळचं काहीतरी असेल. अधिवेशनाच्या जेमतेम महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश उचलून धरला होता.

मतदारसंघांच्या रेषांवरून अमेरिकेत दर दहा वर्षांनी डझनावारी खटले होतात. त्यातला हाच निवडून सांगावासा वाटतो, कारण आदेश पाळायचा नाही पण पाळल्यासारखा दाखवायचा, हे काम आकड्यांच्या भाषेत कसं केलं जातं ते इथे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. हकिगत 2025 अखेरपर्यंतची आहे.

काळी माती

अलाबामाच्या मधल्या भागातून पूर्व-पश्चिम एक पट्टा जातो. त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. हे नाव आधी मातीवरून पडलं आणि माणसांना नंतर चिकटलं. क्रिटेशियस काळात इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साठलेल्या खडूच्या थरांवर ही काळी, चिकण, कसदार जमीन तयार झाली. आपली काळी जमीन बेसाल्टची, त्यांची खडूची. तरी वऱ्हाडातल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. पावसात पाय सोडत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि कापूस म्हणाल तर दोन्हीकडे पांढरं सोनं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पट्ट्यात कापसाचे मळे उभे राहिले आणि मळ्यांवर राबायला हजारो गुलाम आणले गेले. गाठी मोबील बंदरातून इंग्लंडला जायच्या. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडच्या कापसासाठी हात पुढे केला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच ओसरला, अनेकांना बुडवून. हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असतं. त्या पुराच्या दुसऱ्या टोकाला ब्लॅक बेल्ट होता, हे सहसा नसतं.

गुलामी गेली, माणसं बरीचशी तिथेच राहिली. म्हणून आजही या पट्ट्यातल्या काउंट्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं बहुमत आहे. (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याच्या आसपासचं एकक, अलाबामात त्या 67.) आणि त्या गरीब आहेत. लाउंड्स काउंटीतली एक गोष्ट सांगतो. तिथली माती पाणी मुरू देत नाही. गावं विखुरलेली, गटारांचं जाळं नाही, सेप्टिक टँक या मातीत चालत नाहीत आणि चालेल असा बसवायचा तर हजारो डॉलर लागतात. त्यामुळे कित्येक घरांचं मैलापाणी प्लास्टिकच्या पाइपातून मागच्या अंगणात सोडलेलं असतं, आणि पाऊस झाला की परत वर येतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, 21 व्या शतकात. आपला माणूस वॉशिंग्टनमध्ये हवा, असं तिथले लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राज्यघटनेतलं तत्त्व असेल-नसेल, हा पाइप नक्की असतो.

टस्कीगीचे अठ्ठावीस कोन

नकाशाने माणसं बाहेर काढण्याची कला अलाबामात जुनी आहे. 1901 मध्ये राज्याने नवी घटना केली. परिषदेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी आपल्या भाषणात हेतू लपवला नव्हता: कायद्याच्या चौकटीत राहून या राज्यात गोऱ्यांचं वर्चस्व प्रस्थापित करायचं. मतदानासाठी कर, अक्षरज्ञानाच्या परीक्षा, मालमत्तेच्या अटी, सगळं आलं.

तरीही टस्कीगी या गावात अडचण झाली. तिथे टस्कीगी इन्स्टिट्यूट ही नावाजलेली कृष्णवर्णीय शिक्षणसंस्था होती, सरकारी इस्पितळ होतं, म्हणजे शिकलेले, नोकरदार कृष्णवर्णीय लोक होते. परीक्षेत नापास करून करून किती करणार? हळूहळू चारशेच्या आसपास लोकांची नावं मतदारयादीत लागली. मग 1957 मध्ये विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. आधी गाव चौकोनी होतं. नवी हद्द अठ्ठावीस बाजूंची, समुद्री घोड्यासारखी वेडीवाकडी. त्या चारशेपैकी चार-पाच जण सोडून सगळे गावाबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. खुद्द इन्स्टिट्यूटही हद्दीबाहेर.

तिथले समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले. वकील फ्रेड ग्रे, ज्यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचं वकीलपत्र घेतलं होतं. खाली दोन्ही न्यायालयांत हरले. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि तो लिहिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. हेच फ्रँकफर्टर 1946 मध्ये म्हणाले होते की मतदारसंघांच्या राजकीय झाडोऱ्यात न्यायालयांनी शिरू नये. अठ्ठावीस कोन बघितल्यावर त्यांनाही शिरावं लागलं.

चार वर्षांनी पुन्हा अलाबामाच. 1901 पासून राज्याने विधिमंडळाचे मतदारसंघ लोकसंख्येनुसार बदललेच नव्हते. बर्मिंगहॅम शहर ज्या जेफरसन काउंटीत आहे तिथे सहा लाखांवर लोक आणि एक सिनेटर. लाउंड्समध्ये पंधरा हजार लोक आणि एक सिनेटर. ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ या खटल्यात 1964 मध्ये न्यायालयाने हे मोडीत काढलं. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की आमदार हे माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत. यातला एक पीळ लक्षात ठेवण्यासारखा आहे: लाउंड्सला जास्तीचं वजन मिळत होतं, पण तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. त्यांच्या डोक्यांची मोजणी व्हायची, त्या मोजणीवर निवडून यायचे मूठभर गोरे जमीनदार.

मार्च 1965 मध्ये अलाबामातल्याच सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपलं ते देशाने टीव्हीवर पाहिलं आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. आपल्या प्रकरणापुरती त्यातली दोनच कलमं पाहू. कलम 5 म्हणजे आधी परवानगी: ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम किंवा नकाशा बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यायची. कलम 2 म्हणजे मागाहून दाद: वंशामुळे कुणाच्या मताचं वजन घटत असेल तर त्याने खटला भरायचा. 1980 मध्ये मोबील शहराच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की भेदभावाचा हेतू सिद्ध करा. हेतू कोण कागदावर लिहून ठेवतो? नॉक्ससारखी मोकळी माणसं आता कुठली? 1982 मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त केला: परिणाम दाखवला तरी पुरे. सोबत हेही घातलं की लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क कुणालाही नाही. ही दोन वाक्यं एकाच कलमात शेजारी-शेजारी नांदतात आणि चाळीस वर्षं वकिलांची चूल पेटती ठेवतात.

त्या दुरुस्तीच्या विरोधात तेव्हाच्या न्याय खात्यात निवेदनं लिहिणारा एक तरुण वकील होता. जॉन रॉबर्ट्स. पुढे ते सरन्यायाधीश झाले आणि 2013 मध्ये, अलाबामाच्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी कलम 5 निकामी करणारा निकाल त्यांनीच लिहिला. त्या दिवसापासून अलाबामाला नकाशा बदलायला कुणाला विचारावं लागेना. हातात उरलं कलम 2.

सातात एक

2020 च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या 50 लाख 24 हजार 279 भरली. काँग्रेसच्या जागा सात, म्हणजे मतदारसंघामागे 7 लाख 17 हजार 754 माणसं. कृष्णवर्णीय सुमारे 27 टक्के. सातपैकी एका मतदारसंघात, सातव्या नंबरच्या, त्यांचं बहुमत. हाही न्यायालयाच्या हुकमाने 1992 मध्ये झालेला. त्याआधी 1877 पासून अलाबामातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये गेला नव्हता.

नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याने नवा नकाशा केला तो जुन्याचाच भाऊ. युक्ती दोन हातांची असते. एका हाताने कोंबायचं, दुसऱ्याने फोडायचं. सातव्या मतदारसंघात बर्मिंगहॅमच्या वस्त्या, ब्लॅक बेल्टचा पश्चिम भाग आणि माँटगोमेरी शहराचा एक तुकडा असा कोंबला की तिथे उमेदवार हवा त्याहून कितीतरी जास्त मतांनी निवडून यावा. उरलेला ब्लॅक बेल्ट एक, दोन आणि तीन नंबरच्या मतदारसंघांत फोडून वाटून टाकायचा. दोन नंबरमध्ये त्यांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास, बाकी दोघांत त्याहून कमी. आपल्याकडे ‘आमचा प्रभाग फोडला’ म्हणतात ते हेच. ज्याची गल्ली फुटते त्याला व्याख्या शिकवावी लागत नाही.

माँटगोमेरीचे इव्हान मिलिगन आणि इतर काही मतदार, शिवाय दोन संघटना, न्यायालयात गेल्या. त्यांच्या जोडीला आणखी दोन खटले. अशा खटल्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, हा समाज इतका मोठा आणि इतका एकत्र राहणारा आहे की सुटसुटीत आकाराचा आणखी एक मतदारसंघ बनू शकतो. दुसरी, तो समाज एकगठ्ठा मत देतो. तिसरी, समोरचा बहुसंख्य समाजही एकगठ्ठा देतो आणि त्यामुळे यांचा माणूस बहुतेक वेळा पडतो. दुसरी आणि तिसरी सिद्ध करायला अलाबामात फार कष्ट पडले नाहीत. कृष्णवर्णीय मतदार आपल्या पसंतीच्या उमेदवाराला सरासरी 92.3 टक्के मतं देतात, त्याच उमेदवाराला गोरे देतात 15.4 टक्के.

लढाई झाली पहिलीवर. फिर्यादींच्या तज्ज्ञांनी, गणितज्ञ मून डचिन आणि नकाशाकार बिल कूपर यांनी, मिळून अकरा नकाशे काढून दाखवले. प्रत्येकात कृष्णवर्णीय बहुमताचे दोन मतदारसंघ, लोकसंख्या समसमान, आणि कुठेही शेपट्या-सोंडा नाहीत. राज्याचं म्हणणं, यात मेक्सिकोच्या आखाताकाठचा प्रदेश, म्हणजे मोबील आणि बाल्डविन या दोन काउंट्या, तुटतात. तो सांस्कृतिकदृष्ट्या एक आहे. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच विधिमंडळाने त्याच वर्षी शिक्षण मंडळाच्या निवडणुकीसाठी केलेल्या नकाशात याच दोन काउंट्या तोडल्या होत्या आणि मोबीलचा धागा थेट माँटगोमेरीला नेला होता.

खंडपीठात स्टॅन्ली मार्कस, ॲना मनास्को आणि टेरी मूरर. मनास्को आणि मूरर यांना डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमलेलं. सात दिवस सुनावणी, 17 साक्षीदार, आणि 24 जानेवारी 2022 ला 225 पानांचा एकमताचा आदेश: हा नकाशा बहुधा कलम 2 चा भंग करतो, नवा करा. प्रश्न चुरशीचा नाही, असंही त्यांनी लिहिलं.

दोनच आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती दिली. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांचं कारण असं की निवडणूक तोंडावर आली असताना नियम बदलू नयेत. पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी मे महिन्यात होती, आदेश जानेवारीतला. चार महिने म्हणजे तोंडावर का, हे ज्याने-त्याने ठरवावं. मला यात एक गोम दिसते. नकाशा नोव्हेंबरात झाला, खटले लगोलग दाखल झाले, न्यायालयाने जानेवारीत आदेश दिला. याहून लवकर कुणी काय करणार? नकाशा उशिरा करणाऱ्याला मग एक निवडणूक फुकट मिळते. ती मिळाली. 2022 ची निवडणूक त्याच नकाशावर झाली आणि त्यानंतर प्रतिनिधिगृहातलं बहुमत पाच-दहा जागांच्या फरकावर टेकलेलं होतं.

रंग न पाहणारा संगणक

ऑक्टोबर 2022 मध्ये युक्तिवाद झाला तेव्हा राज्याने नवीच मांडणी पुढे केली, आणि बौद्धिकदृष्ट्या या प्रकरणातला सगळ्यात रसाळ भाग हाच. राज्य म्हणालं, संगणकाला वंशाची माहिती देऊच नका. त्याला फक्त लोकसंख्या, काउंट्यांच्या सीमा, आकाराचा आटोपशीरपणा एवढंच सांगा आणि हजारो नकाशे काढायला लावा. त्या ढिगात कृष्णवर्णीय बहुमताचे सरासरी जितके मतदारसंघ निघतील तितकेच राज्याने दिले असतील, तर भेदभाव कसला? आणि पुरावा म्हणून फिर्यादींच्याच तज्ज्ञांचं काम पुढे केलं. डचिन यांनी एका शोधनिबंधासाठी वंश न बघता वीस लाख नकाशे काढले होते, त्यात दोन बहुमताचे मतदारसंघ असलेला एकही निघाला नव्हता.

युक्तिवाद गोंडस आहे. यंत्राला रंग दिसत नाही, तेव्हा यंत्र म्हणेल ते निःपक्ष. पण यंत्राने हात लावण्यापूर्वीच माणसं कुठे राहायची ते ठरून गेलेलं असतं. ब्लॅक बेल्टमध्ये कोण राहतं हे कापसाने ठरवलं, मोबील आणि माँटगोमेरीच्या कोणत्या वस्तीत कोण राहतं हे वंशभेदाच्या कायद्यांनी आणि सवयींनी ठरवलं. त्या जमिनीवर डोळे मिटून रेषा ओढल्या तर आधीचं सगळं त्या रेषांत आपसूक येतं. आपल्याकडे जातीचा रकाना फॉर्मवरून काढला की गावकुसाबाहेरची वस्ती गावात येत नाही, तसं.

रॉबर्ट्स यांनी हे वाक्य अर्थातच असं लिहिलं नाही. पण 8 जून 2023 ला पाच विरुद्ध चार मतांचा निकाल आला तो त्यांच्या लेखणीतून, अलाबामाच्या विरोधात. ज्यांनी 1982 मध्ये परिणामांच्या कसोटीला विरोध केला, 2013 मध्ये कायद्याचा एक हात तोडला, त्यांनीच दुसरा हात वाचवला. बाजूने तीन उदारमतवादी न्यायमूर्ती आणि कॅव्हनॉ. राज्याला कायदा लावून घ्यायचा नाही, नव्याने घडवायचा आहे, असा निकालाचा सूर होता. संगणकाच्या ढिगाबद्दल त्यांनी व्यावहारिक खुसपट काढलं: ते वीस लाख नकाशे 2010 च्या जनगणनेवरचे, त्यात नेहमीचे सगळे निकष नव्हते, आणि अलाबामाचे शक्य नकाशे मोजायला बसलं तर आकडा ‘ट्रिलियन ट्रिलियन’च्या घरात जातो. त्यातले वीस लाख म्हणजे समुद्रातली ओंजळ.

असा निकाल कुणाच्याच अंदाजात नव्हता. फिर्यादींच्या सुद्धा.

‘अगदी जवळ’ म्हणजे किती

आता जुलैकडे परत. तीसवरून 39.9, म्हणजे दहा टक्के वाढवले की! असं राज्याला म्हणता येत होतं आणि ते म्हणालेही. आकड्याच्या सोबत शब्दही आले. नव्या कायद्याच्या सुरुवातीला विधिमंडळाने लांबलचक ‘निष्कर्ष’ जोडले: कोणते प्रदेश अखंड ठेवायचे, आणि का. आखातकाठच्या प्रदेशाचं वर्णन तर पर्यटन खात्याने लिहावं असं. समुद्र, बंदर, मासळी, मार्डी ग्राचा उत्सव आणि फ्रेंच-स्पॅनिश वसाहतींचा वारसा. आदल्या महिन्यात जे कारण सर्वोच्च न्यायालयाने पुरेसं मानलं नव्हतं, तेच आता कायद्याचा मजकूर होऊन आलं. हे निष्कर्ष आमदारांनी लिहिलेच नव्हते, राज्याच्या वकिलाने लिहून दिले होते, हे पुढे साक्षींत निघालं.

14 ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या न्यायालयात सुनावणी झाली. जुन्या निवडणुकांतली मतं नव्या रेषांमध्ये घालून बघितली की दोन नंबरमध्ये कृष्णवर्णीयांच्या पसंतीचा उमेदवार पडतच होता; राज्याच्या बाजूने केलेल्या पडताळणीतही तेच. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा या नकाशात दुसरा संधीचा मतदारसंघ नाही, हे राज्याने मान्य केलं.

इथे ‘संधीचा मतदारसंघ’ हा शब्द नीट धरायला हवा, कारण आपण तो ‘राखीव’ असा ऐकतो. अमेरिकेत राखीव मतदारसंघ नाहीत. उमेदवार कोणत्याही वंशाचा चालतो. प्रश्न फक्त एवढाच की त्या समाजाने एकजुटीने मत दिलं तर त्यांच्या पसंतीचा माणूस येण्याची खरीखुरी शक्यता आहे का. जिथे गोऱ्यांपैकी 85 टक्के विरोधात मत देतात, तिथे 39.9 ला ती नाही आणि 48-49 ला आहे. दहा टक्क्यांचा फरक कागदावर वाढीसारखा दिसतो, मतमोजणीत त्याची किंमत शून्य. आकडा ठरवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

5 सप्टेंबरला खंडपीठाने नकाशा फेटाळला. न्यायाधीशांची भाषा सहसा थंड असते, पण या आदेशात त्यांनी आपण अतिशय अस्वस्थ झाल्याचं नोंदवलं. जादा संधीचा मतदारसंघ द्या असा आदेश मिळाल्यावर, तो देत नाही असं स्वतःच कबूल करणारा नकाशा एखाद्या विधिमंडळाने आणला, असं दुसरं उदाहरण आपल्याला माहीत नाही, असं ते म्हणाले. विधिमंडळाला तिसरी संधी मिळाली नाही. राज्य पुन्हा सर्वोच्च न्यायालयात धावलं. यावेळी त्यांचा होरा असा असावा की कॅव्हनॉ वळतील. 26 सप्टेंबरला अर्ज फेटाळला गेला, एकाही न्यायमूर्तीने जाहीर विरोध नोंदवला नाही.

मग न्यायालयाने नेमलेले विशेष अधिकारी रिचर्ड ॲलन आणि नकाशाकार डेव्हिड इली यांनी तीन पर्याय दिले आणि ऑक्टोबरमध्ये त्यातला तिसरा निवडला गेला. (‘ॲलन विरुद्ध मिलिगन’ या खटल्याच्या नावातले ॲलन ते वेगळे, राज्याचे निवडणूक प्रमुख वेस ॲलन.) या नकाशात दोन नंबरचा मतदारसंघ मोबीलपासून माँटगोमेरीवरून थेट जॉर्जियाच्या सीमेपर्यंत आडवा जातो. कृष्णवर्णीय प्रमाण 48.7 टक्के. बहुमत नाही. ‘अगदी जवळचं काहीतरी’ म्हणजे काय, ते असं.

नोव्हेंबर 2024 मध्ये शोमारी फिगर्स तिथून साडेचौपन्न टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निवडून आले. अलाबामाच्या इतिहासात प्रथमच दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी एकाच वेळी काँग्रेसमध्ये. फिगर्स मोबीलचे. 1981 मध्ये त्या शहरात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी मायकेल डोनाल्ड या कोवळ्या पोराला मारून झाडाला टांगलं होतं. त्याच्या आईने क्लॅनवर दिवाणी दावा लावला आणि 1987 मध्ये ज्युरीने सत्तर लाख डॉलरची भरपाई ठरवून ती संघटना दिवाळखोर केली. त्या दाव्यातले तिचे एक वकील मायकेल फिगर्स, शोमारी यांचे वडील.

हेतू, अखेर

खटला इथे संपला नाही. आतापर्यंतचे आदेश अंतरिम होते. फेब्रुवारी 2025 मध्ये पूर्ण सुनावणी झाली आणि 8 मे रोजी 571 पानांचा निकाल आला. त्याच तीन न्यायाधीशांनी आता एक पाऊल पुढे टाकलं. 2023 चा नकाशा कलम 2 चा भंग तर करतोच, शिवाय तो जाणूनबुजून केलेला भेदभाव आहे, म्हणून कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणाऱ्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचाही भंग आहे. कितीही प्रयत्न केला तरी या नकाशाचा दुसरा अर्थ लावता येत नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. 1982 पासून कायद्याने ज्या हेतूची गरज ठेवली नव्हती, तो हेतू राज्याने 39.9 या आकड्याने स्वतःहून हजर केला. त्यांनी 47 टक्क्यांचा नकाशा आणला असता तर? मला वाटतं, पचला असता.

ऑगस्ट 2025 मध्ये खंडपीठाने ठरवलं की न्यायालयाचाच नकाशा 2030 च्या जनगणनेनंतर नवा होईपर्यंत चालेल. अलाबामाला पुन्हा ‘आधी परवानगी’च्या जाचात घालावं, ही फिर्यादींची मागणी मात्र नाकारली. राज्य अपिलात गेलं. दरम्यान लुइझियानातल्या अशाच दुसऱ्या कृष्णवर्णीय बहुमताच्या मतदारसंघाला उलट बाजूने आव्हान मिळालं: तो मुद्दाम तसा आखणं हाच वंशभेद आहे, असं काही बिगर-कृष्णवर्णीय मतदारांचं म्हणणं. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याची फेरसुनावणी झाली. यात 2019 चा एक निकालही ध्यानात घ्यावा लागतो. त्यात न्यायालयाने सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी रेषा वाकवल्या तर फेडरल न्यायालयं बघणार नाहीत. दक्षिणेत वंश आणि पक्ष एकमेकांना इतके चिकटलेले आहेत की ‘आम्ही कृष्णवर्णीयांना नाही, डेमोक्रॅटना फोडलं’ हा बचाव प्रत्येक राज्याच्या खिशात असतो.

आपल्याकडे हे असं का घडत नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर साधं आहे: दार बंद आहे. घटनेच्या कलम 329 ने लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघ आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यावर बंदी घातली आणि 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिसीमन आयोगाच्या आदेशांनाही तेच छत्र दिलं. 2024 मध्ये न्यायालयाने दाराला फट ठेवली, ढळढळीत मनमानी असेल तर. आखणी करणारा आयोग निवृत्त न्यायाधीशाच्या हाताखाली असतो, सत्ताधारी आमदारांच्या नव्हे, हा मोठा फरक. पण महापालिका आणि नगरपालिकांच्या पातळीवर आपण अलाबामाहून फार लांब नाही. मुंबईचे 227 प्रभाग एका सरकारने 236 केले, पुढच्याने पुन्हा 227. त्या ओढाताणीत आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या महापालिकेची निवडणूक साडेतीन वर्षांहून जास्त रखडली. प्रारूप आराखडा लागला की पालिकेच्या फलकापुढे गर्दी होते, लोक बोटाने आपला नाला, आपली मशीद, आपलं देऊळ शोधतात, आणि उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम अशा चतुःसीमेच्या चार ओळींत कुणाची वस्ती कुठे गेली ते पाच मिनिटांत ओळखतात. नकाशा वाचायला गणितज्ञ लागतो, हा समज त्या गर्दीत टिकत नाही.

अलाबामाच्या न्यायालयीन नकाशात दोन नंबरच्या मतदारसंघाची रेषा मेकन काउंटीलाही कवेत घेते. मेकनचं मुख्य गाव टस्कीगी. 1957 मध्ये ज्यांना अठ्ठावीस कोनांनी गावाबाहेर काढलं होतं त्यांची नातवंडं 2024 मध्ये त्याच गावात रांगेत उभी राहिली, मोबीलच्या एका वकिलाच्या मुलाला मत द्यायला किंवा पाडायला.